हेल्लिशेइदीचा कातळ : कार्बन डायऑक्साइडचा दगड करणाऱ्या प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

२०१३ च्या उन्हाळ्यात आइसलँडमधील एका निरीक्षण विहिरीतली पाणबुडी मोटार बंद पडली. ती वर काढल्यावर तिच्यावर कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीत असते त्याच खनिजाचा, थर बसलेला आढळला. क्षाराच्या पाण्यावर चालणाऱ्या आपल्याकडच्या बोअरवेलमध्ये मोटारींची अशी गत नेहमीच होते आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो केवळ भुर्दंड असतो. येथे मात्र त्या थराचा नमुना जपून प्रयोगशाळेत नेला गेला, कारण त्यातला कार्बन हा संशोधकांनी सुमारे दीड वर्षापूर्वी शेजारच्या विहिरीतून जमिनीत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमधलाच आहे का, हे पाहायचे होते. तो तोच निघाला. मोटारीचे नुकसान झाले, पण वायूचा खरोखर दगड होत असल्याचा हाताने धरता येईल असा पुरावा मिळाला.

हेल्लिशेइदी येथील या प्रकल्पाचे नाव कार्बफिक्स. हरितगृह वायू जमिनीत साठवण्याच्या चर्चेत त्याचा उल्लेख आता हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो ‘बेसाल्टमध्ये कार्बन दोन वर्षांत दगड होतो’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. ते वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांच्या पायाखाली मैलोन्‌मैल बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळच, असल्यामुळे त्या वाक्यावरून आपल्याकडे काढला जाणारा निष्कर्ष तर बहुधा घाईचा असतो. हेल्लिशेइदीचे यश कातळाइतकेच तेथील पाण्याचे आणि तेथे हाती येणाऱ्या वायूच्या स्वरूपाचेही आहे, असे हा अभ्यास करताना दिसून आले.

प्रकल्पाची जागा

हेल्लिशेइदी हे आइसलँडची राजधानी रेक्याविकच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटरवर असलेले भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची वीजनिर्मितीची क्षमता ३०३ मेगावॉट असून राजधानीतील घरे गरम ठेवण्यासाठी लागणारे गरम पाणीही तेथून पुरवले जाते. त्याची मालकी रेक्याविक परिसरातील नगरपालिकांच्या सार्वजनिक कंपनीकडे आहे. भूऔष्णिक विजेला आपण स्वच्छ म्हणतो, आणि कोळशाच्या तुलनेत ती आहेही. परंतु जमिनीतून येणाऱ्या वाफेबरोबर ज्वालामुखीतले वायूही वर येतात. हेल्लिशेइदीच्या वाफेत त्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. तेवढ्यातूनही वर्षाकाठी सुमारे ४० हजार टन कार्बन डायऑक्साइड आणि १० ते १२ हजार टन हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडत असे. आपल्याकडच्या एका मध्यम औष्णिक संचाचा धूर चार-पाच दिवसांत एवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, हे प्रमाणाचे भान पुढील सर्व आकडे वाचताना ठेवावे लागते.

प्रकल्पाची जुळवाजुळव २००६-०७ च्या सुमारास झाली. वीजकंपनी, आइसलँड विद्यापीठ, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सची राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन संस्था एकत्र आल्या. सुरुवातीच्या आखणीत भूरसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर आणि सिगुर्दुर गिस्लासॉन यांचा मोठा वाटा होता. तोपर्यंत कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याचा प्रस्थापित नमुना नॉर्वेचा होता. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर वायूक्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात हा वायू दाबाने भरला जात आहे. तेथे तो घट्ट द्रवासारख्या अवस्थेत असतो, खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने वर चढू पाहतो आणि वरच्या चिकणमातीच्या अभेद्य थरामुळे अडून राहतो. वाळूच्या खडकात त्याच्याशी चटकन संयोग पावणारे धातू फारसे नसल्यामुळे त्याचे खनिज व्हायला शेकडो ते हजारो वर्षे लागतात, आणि तोपर्यंत सारी भिस्त झाकणावर असते.

आधी पाणी, मग वायू

आइसलँडच्या तरुण, भेगाळ बेसाल्टवर असे भरवशाचे झाकण नव्हते. म्हणून संशोधकांनी प्रश्नच बदलला. वायू वर येऊ नये यासाठी त्याला कोंडण्याऐवजी जमिनीत शिरण्यापूर्वीच पाण्यात विरघळवायचे, असे त्यांनी ठरवले. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात ते दाब कमी झाल्यामुळे. खोल विहिरीत दाब कायम राहतो, त्यामुळे विरघळलेला वायू सुटत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असते आणि ते वर येण्याऐवजी खाली बसते. अशा रीतीने झाकणाची गरज निकालात निघाली. हा या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा अभियांत्रिकी निर्णय होता आणि त्याची किंमतही तेवढीच मोठी होती, तिच्याकडे पुढे येऊ.

प्रत्यक्ष प्रयोगात विहिरीतून पाणी खाली सोडले जाई आणि सुमारे ३५० मीटर खोलीवर त्यात वायूचे बारीक बुडबुडे सोडले जात. खाली जाता जाता ते पूर्ण विरघळत. असे पाणी आम्लधर्मी असते. ४०० ते ८०० मीटर खोलीवरच्या बेसाल्टला ते भिडले की कातळ हळूहळू झिजतो आणि त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह पाण्यात उतरतात. बेसाल्टमध्ये या तीन धातूंच्या ऑक्साइडांचे प्रमाण वजनाने जवळजवळ चौथा हिस्सा भरते, वाळूच्या खडकात ते नगण्य असते. कातळ झिजताना पाण्यातले आम्लही खर्ची पडते, पाणी पुन्हा अल्कधर्मी होऊ लागते, आणि मग विरघळलेला कार्बन या धातूंशी जोडला जाऊन मुख्यतः कॅल्साइटच्या रूपाने पोकळ्यांत जमा होतो. हायड्रोजन सल्फाइडचे लोहाशी जुळून पायराइट बनते.

२०१२ च्या जानेवारी ते मार्च या काळात १७५ टन शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडण्यात आला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वीजकेंद्रातून निघणाऱ्या मिश्र वायूचे ७३ टन सोडले गेले. त्यात सुमारे पाऊण हिस्सा कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला बहुतांश हायड्रोजन सल्फाइड होता.

हिशेब कसा मांडला

जमिनीखाली अर्धा किलोमीटरवर काय घडते हे डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा ‘९५ टक्के वायूचा दगड झाला’ हे विधान संशोधकांनी कशाच्या आधारावर केले, हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर या प्रकरणातला मला सर्वांत देखणा वाटलेला भाग आहे. सोडलेल्या पाण्यात दोन खुणा मिसळल्या होत्या. पहिली खूण म्हणजे सल्फर हेक्झाफ्लुओराइड आणि त्याच्यासारखे दुसरे एक संयुग. ही कशाशीही संयोग न पावणारी द्रव्ये असल्यामुळे पाणी जेथे जाईल तेथे ती जातात आणि कातळात अडकत नाहीत. दुसरी खूण कार्बन-१४ या किरणोत्सारी समस्थानिकाची होती. ज्वालामुखीच्या मुळाशी असलेला कार्बन इतका जुना असतो की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, म्हणून अल्प प्रमाणात मिसळलेली ही खूण तेथील नैसर्गिक कार्बनपासून सहज वेगळी ओळखता येते.

प्रवाहाच्या दिशेने सुमारे ७० मीटरवरच्या निरीक्षण विहिरीतून पाण्याचे नमुने नियमित घेतले जात होते. तेथे पहिली खूण किती पोहोचली त्यावरून सोडलेल्या पाण्याचा किती अंश आला हे कळे. वाटेत काहीच घडले नसते, तर त्याच प्रमाणात कार्बन-१४ देखील आला असता. आला तो फारच थोडा. पाणी पोहोचले आणि त्याच्यासोबत निघालेला कार्बन वाटेतच राहिला, अशी ती तूट होती. या तुटीचा हिशेब करून दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन खनिजरूप झाल्याचा निष्कर्ष काढण्यात आला आणि तो जून २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्थात हा हिशेब त्या दोन विहिरींमधल्या वाटेचा आहे. मोटारीवर बसलेला थर त्यामुळेच मोलाचा ठरला, कारण वजाबाकीतून निघालेल्या उत्तराला त्याने प्रत्यक्ष दुजोरा दिला.

प्रकल्प वाढला तो दुर्गंधीमुळे

प्रायोगिक टप्पा यशस्वी झाला म्हणून तो कारखान्याच्या प्रमाणावर गेला, असे समजणे सरळ आहे, पण तसे घडले नाही. ‘सायन्स’मधील निबंध येण्याच्या दोन वर्षे आधीच, जून २०१४ मध्ये, वीजकेंद्राच्या शेजारी वायू शोषणारा संच सुरू झाला होता. त्यामागचे निकडीचे कारण हायड्रोजन सल्फाइड हे होते. कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हा वायू वारा फिरला की राजधानीपर्यंत पोहोचत असे, आणि २०१० मध्ये आइसलँड सरकारने हवेतील त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातली. कंपनीला काहीतरी करणे भागच होते. गंधक वेगळे काढून विकण्याचा रूढ मार्ग खर्चिक होता. दोन्ही वायू एकाच पाण्यात विरघळवून एकाच विहिरीत सोडणे स्वस्त पडत होते, म्हणून कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन सल्फाइडच्या गाडीत जागा मिळाली. हवामानबदलाची चिंता खरी होती, पण पैसा हलला तो नियमामुळे. स्लाइप्नरमागेही १९९१ मध्ये नॉर्वेने समुद्रातील तेल-वायू उत्पादनावर लावलेला कार्बन कर होता, हे येथे आठवते.

या संचाची रचना साधी आहे. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड झाली की न निवणारे वायू आपोआप वेगळे होतात. ते एका उंच टाकीत दाबाखाली थंड पाण्याच्या फवाऱ्यातून नेले जातात. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड विरघळतात, हायड्रोजन आणि नायट्रोजन विरघळत नाहीत. कोणतेही खास रसायन लागत नाही. ते पाणी नळाने हुस्मुली भागातील विहिरीपर्यंत नेऊन ७०० मीटरहून खोल, २०० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या कातळात सोडले जाते. २०१६ मध्ये संचाची क्षमता दुप्पट करण्यात आली. वायू पकडण्यापासून तो जमिनीत सोडण्यापर्यंतचा सगळा खर्च टनामागे सुमारे २५ डॉलर असल्याचे २०१८ मध्ये प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी प्रसिद्ध केले.

हा आकडा फार ठिकाणी उद्धृत होतो आणि त्याने गैरसमजही होतात. औष्णिक केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १४ टक्के असतो आणि उरलेला बहुतांश भाग नायट्रोजनचा असतो. त्यातून तो वेगळा करण्यासाठी त्याला शोषून घेणारे अमाइन नावाच्या रसायनाचे द्रावण वापरावे लागते, आणि ते द्रावण पुन्हा तापवून वायू सोडवून घेण्यात केंद्राच्या निर्मितीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त ऊर्जा खर्ची पडते. हेल्लिशेइदीला हे काम टर्बाइनच्या थंडगार टोकाने फुकटात करून दिले होते. तेथील २५ डॉलरांचा आकडा कोळशाच्या केंद्राला लावणे म्हणजे नदीकाठच्या शेताचा पाटपाण्याचा खर्च डोंगरमाथ्यावरच्या शेताला लावण्यासारखे आहे.

पाण्याची किंमत

प्रायोगिक टप्प्यात एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळवण्यासाठी २५ टनांच्या आसपास पाणी लागले. भरपूर पाऊस, बर्फ आणि सच्छिद्र लाव्हा असलेल्या आइसलँडमध्ये ही अडचण मानली गेली नाही. शिवाय पाणी त्याच भूजलातून घेऊन त्याच भूजलात परत सोडता येते.

आता हाच हिशेब आपल्याकडे करून पाहू. ५०० मेगावॉटचा कोळशावरचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १२ हजार मेगावॉट-तास वीज देतो. प्रत्येक मेगावॉट-तासामागे ०.९ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर तो दिवसाला जवळजवळ ११ हजार टन भरतो. तो सगळा हेल्लिशेइदीच्या रीतीने विरघळवायचा तर दिवसाला २७ कोटी लिटर पाणी लागेल. हे पाणी जमिनीत जाते आणि खनिज झाल्यावर तत्त्वतः पुन्हा उपसता येते, हे मान्य केले तरी ते फिरवत ठेवण्याइतका साठा आणि प्रवाह त्या कातळात असला पाहिजे. दख्खनच्या खोल बेसाल्टमध्ये तो असेल असे गृहीत धरता येत नाही. येथे विहिरींना पाणी लागते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. त्याखालच्या अखंड काळ्या पाषाणात विंधन विहिरी कोरड्या जाण्याचा अनुभव मराठवाड्यात कोणालाही विचारावा. कोकण किनाऱ्याचे गणित वेगळे होऊ शकते, कारण समुद्राचे पाणी वापरूनही बेसाल्टमध्ये कार्बन खनिजरूप होतो असे प्रयोगशाळेत दिसले असून कार्बफिक्सनेही आइसलँडच्या किनाऱ्यावर त्या दिशेने प्रयोग केले आहेत.

धक्के आणि विरोध

हुस्मुली भागात कार्बन डायऑक्साइड सोडण्यास सुरुवात होण्यापूर्वीच, २०११ मध्ये, वीजकेंद्राचे वापरलेले पाणी जमिनीत परत सोडताना भूकंपांची मालिका सुरू झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ४ च्या आसपास तीव्रतेचे दोन धक्के बसले आणि जवळच्या ह्वेरागेर्दी गावात ते स्पष्ट जाणवले. त्याला कारण वायू नव्हता. आधीच ताणलेल्या भेगांत वाढलेला पाण्याचा दाब हे कारण होते. त्यानंतर पाण्याचा प्रवाह एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलण्याची पद्धत पडली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या महाराष्ट्रात जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपाची कल्पना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. बेसाल्टमध्ये पाणी दाबणारी कोणतीही योजना आखताना कोयना-वारणा पट्टा पहिल्याच यादीतून वगळावा लागेल, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण माणसांची निघाली. कार्बफिक्स २०२० पासून वीजकंपनीची स्वतंत्र उपकंपनी म्हणून काम करू लागली. क्लाइमवर्क्स या स्विस कंपनीने थेट हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढणारे ‘ओर्का’ आणि ‘मॅमथ’ हे संच अनुक्रमे २०२१ आणि २०२४ मध्ये हेल्लिशेइदीजवळच उभारले आणि साठवणुकीचे काम कार्बफिक्सकडे दिले. मोठी झेप मात्र ‘कोडा टर्मिनल’ या योजनेची होती. युरोपातील कारखान्यांचा द्रवरूप कार्बन डायऑक्साइड जहाजाने आणून हाफ्नारफ्योर्दुर शहरालगतच्या स्ट्राउम्सविक येथे वर्षाला ३० लाख टनांपर्यंत जमिनीत सोडायचा होता. युरोपीय संघाने त्यासाठी मोठे अनुदानही मंजूर केले होते. स्थानिक रहिवाशांनी त्याला विरोध केला. आपल्या घरांजवळ काय सोडले जाणार, भूजलाचे काय होणार आणि दुसऱ्या देशांचा धूर आपण का घ्यायचा, असे त्यांचे प्रश्न होते. अखेर २०२५ मध्ये कंपनीला तेथील बेत सोडून द्यावा लागला. ज्या देशात हेल्लिशेइदीच्या विहिरी यशस्वी ठरल्या, त्याच देशातल्या माणसांनी स्वतःच्या गावाशेजारच्या विहिरींना नाही म्हटले. यात मला विसंगती दिसत नाही. पहिल्या ठिकाणी नगरपालिकांच्या कंपनीने स्वतःचा धूर पुरला होता, दुसऱ्या ठिकाणी परक्यांचा धूर व्यापार म्हणून येणार होता.

एकूण साठवणूकही लक्षात ठेवावी. दशकभराच्या कामानंतर हेल्लिशेइदी परिसरात जमिनीत गेलेला कार्बन डायऑक्साइड १ लाख टनांच्या थोडा पुढे आहे, आणि जीवाश्म इंधनांतून जग दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन सोडते.

दख्खनच्या कातळाकडे पाहताना

दख्खनचा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला असून महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भूभागाखाली तोच आहे. कोयना परिसरातील खोल वेधनात त्याची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. रासायनिकदृष्ट्या हा कातळ आइसलँडच्या कातळाचा भाऊबंदच आहे. तेथील प्रायोगिक विहिरीतला कातळ २० ते ३३ अंशांचाच असल्यामुळे तापमान हाही आपल्याकडे अडथळा ठरू नये. फरक वयात आहे. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे आणि एवढ्या काळात त्यातील पोकळ्यांतून फिरलेल्या पाण्याने त्या झिओलाइट, कॅल्साइट आणि सिलिकेने भरून टाकल्या आहेत. नाशिक, जळगाव आणि पुण्याच्या खाणींत सापडणारे सुंदर स्फटिक, किंवा नुसत्या गारगोट्या, म्हणजे त्याच भरलेल्या पोकळ्या होत. वायू साठवण्याची जागा निसर्गाने आधीच वापरून टाकली आहे असे त्यावरून म्हणता येते. कॅल्साइटपुरते तर तोच कारखाना त्याने आधीच चालवला होता, असेही म्हणता येते.

पाण्याची अडचण टाळणारा दुसरा एक नमुना अमेरिकेत आहे आणि आपल्या दृष्टीने तो हेल्लिशेइदीपेक्षा जवळचा ठरावा. वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये कोलंबिया नदीच्या बेसाल्टमध्ये ८०० मीटरहून खोल सुमारे १ हजार टन कार्बन डायऑक्साइड पाण्यात न विरघळवता, घट्ट द्रवासारख्या अवस्थेतच सोडण्यात आला. दोन वर्षांनी त्या विहिरीच्या भिंतीतून काढलेल्या कातळाच्या नमुन्यांत पोकळ्यांमध्ये अँकेराइट या कार्बोनेट खनिजाचे नवे गोल दाणे मिळाले. येथे पाणी वाचले, पण झाकणाची गरज परत आली: सच्छिद्र थराच्या वर लाव्ह्याचा घट्ट, अखंड थर असावा लागतो आणि त्यातून वायू झिरपत नाही याची खात्री करून घ्यावी लागते. दख्खनमध्ये असे घट्ट आणि सच्छिद्र थर एकावर एक रचलेले आहेत, हे घाटातल्या कोणत्याही कड्याच्या पायऱ्यांवरून दिसते. मात्र कड्यावर दिसणारा थर उघडा पडलेला आणि भेगाळलेला असतो. ८०० मीटर खोलीवर तो किती घट्ट आहे आणि त्याखालच्या सच्छिद्र थरात स्फटिकांनी न व्यापलेली जागा किती उरली आहे, हे विहीर खोदून आणि पाण्याचा दाब देऊन मोजावे लागेल. ती विहीर कोणत्याही वायूच्या आधी, साध्या पाण्यासाठी आणि त्यात मिसळलेल्या खुणांसाठी खोदली गेली पाहिजे.